दुसऱ्या दिवशी भेटणारा बातमीदार



आज ६ जानेवारी. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, म्हणून आपण हा पत्रकार दिन मानतो. यवतमाळात केबलवर स्थानिक बातम्या चालवणाऱ्या भाऊंच्या स्मृतीसाठी होणाऱ्या या व्याख्यानाला संयोजकांनी हाच दिवस निवडला आणि विषय दिला : टीव्हीच्या स्थानिक बातमीदाराची आणि वृत्तनिवेदकाची वाटचाल. सभागृहात पत्रकारितेचं शिक्षण घेणारी बरीच मुलंमुली दिसतायत, त्यांना उपयोग व्हावा हा संयोजकांचा हेतू. मी या गावात केबलच्या बातम्या वाचल्या, मग याच जिल्ह्याची प्रतिनिधी म्हणून एका वाहिनीसाठी काम केलं आणि पुढे मुंबईला जाऊन अँकर झाले. या सगळ्या प्रवासातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. टीव्हीवरच्या बातमीला वजन येतं ते बातमीदाराच्या गावात राहण्यामुळे. ज्या माणसांबद्दल तो रात्री बोलला, ती माणसं त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर भेटणार असतात. ही भेट जिथे होते तिथे बातमी नीट होते. वाहिन्यांनी ही भेट टाळण्याची जितकी सोय करून घेतली, तितकी आपली बातमी हलकी होत गेली. आज एवढंच सांगायला मी आले आहे.

मराठी टीव्ही बातमीची सुरुवात झाली तेव्हा या भेटीचा प्रश्नच नव्हता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं. डॉ. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, चारुशीला पटवर्धन आणि पुढे कितीतरी वर्षं प्रदीप भिडे, ही नावं घेतली की माझ्या आईच्या पिढीचे चेहरे अजून उजळतात. स्मिता पाटील जीन्सवरच साडी नेसून बातम्यांना बसायच्या ही आठवण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, आणि श्याम बेनेगलांनी त्यांना छोट्या पडद्यावर बातम्या वाचतानाच हेरलं हेही. भक्तीताई रंगभूमीच्या, अनंत भावे कवी. यातले बहुतेक जण बातमी आणायला जात नसत. बातमी त्यांच्या हातात कागदावर येई आणि ते ती वाचत. पण काय वाचत! शब्दाचा उच्चार, वाक्यातला थांबा, मृत्यूच्या बातमीनंतर क्रीडावृत्ताकडे वळताना घेतलेला श्वास, या गोष्टी आजही अँकरांना शिकवायला हव्यात. प्रदीप भिडे जून २०२२ मध्ये गेले तेव्हा कितीतरी लोकांनी ‘घरातला माणूस गेला’ असं लिहिलं, आणि ते मनापासून होतं.

त्या बातम्यांत आपलं गाव मात्र नव्हतं. सरकारी माध्यम, सरकारी शिस्त आणि कॅमेरे मोजके. विदर्भात टीव्हीचे मनोरे उभे राहिले तेव्हा आधी दिल्ली पोचली, मुंबई त्यानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी आणि आजूबाजूची गावं हादरली, गणेश विसर्जन आटोपून झोपलेली हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा मराठीत एकही खासगी वृत्तवाहिनी नव्हती. त्या गावांची नावं बहुतेक महाराष्ट्राने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. एरवी त्या गावांतून टीव्हीवर यायला काही कारणच नसे.

भाऊंचं काम इथून सुरू होतं. नव्वदच्या दशकात केबल आली, घरोघर काळी वायर गेली. केबलचालकाकडे एक चॅनल रिकामं असे, त्यावर दुपारी सिनेमा लागे. भाऊंनी एका केबलचालकाला गाठलं आणि म्हणाले, रात्री आठला अर्धा तास मला दे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा व्हीएचएस कॅमेरा, दोन हॅलोजन, मागे निळं कापड, टेबलावर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ. वहिनींच्या, म्हणजे भाऊंच्या पत्नीच्या, स्वयंपाकघराला लागून असलेली खोली हा स्टुडिओ. कुकरची शिट्टी झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं. दुपारी चारपर्यंत बातम्या गोळा, पाचला लिहायला बसायचं, सहाला रेकॉर्ड. मग एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवत जोडाजोडी, आणि कॅसेट पिशवीत घालून कुणीतरी सायकलवरून कंट्रोल रूमकडे पळायचं. मी तेव्हा बी.ए.ला होते. आवाज बरा आहे आणि घर जवळ आहे, एवढ्यावर माझी निवड झाली.

बातम्या कसल्या? नगरपालिकेच्या सभेत काय ठरलं. निळोणा आणि चापडोह या धरणांमध्ये किती पाणी उरलं आणि कोणत्या भागात नळ किती दिवसांनी येणार. एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग कुठवर गेली, काटा कधी सुरू होणार, चुकारे कधी मिळणार. दहावीचा निकाल, भजनी मंडळाचा सप्ताह, कुणाची मयत. मोठ्या शहरातला पत्रकार याला बातमी म्हणायला तयार होत नसे. पण आठला रस्ता ओस पडायचा हे इथल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल.

भाऊंचा एक नेम होता. नगरपालिकेतून निरोप आला की अमुक भागात आज पाणी सोडलं, तर तो निरोप तसाच वाचायचा नाही. पोराला त्या गल्लीत पाठवायचं, दोन घरांच्या तोट्या बघायच्या, मग लिहायचं. मी एकदा विचारलं, भाऊ, मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचा कागद आहे, अजून काय पाहिजे? ते म्हणाले, “बाई, उद्या सकाळी मला त्याच गल्लीतून जायचं आहे.” पुढे मी पत्रकारितेवरची बरीच पुस्तकं वाचली, मोठमोठ्या संपादकांची भाषणं ऐकली. पडताळणी कशासाठी करायची याचं इतकं थेट उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही.

दुसरी बाजूही सांगते. गल्लीतून जायचं असलं की भीतीही वाटते. नगरसेवक ओळखीचा, ठेकेदार नात्यातला, ठाणेदार रोज दिसणारा. स्थानिक बातमीदार गप्प बसतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं कारण हेच असतं, आणि त्याला लगेच विकला गेला म्हणणं अन्यायाचं आहे. भाऊंनी वाळूच्या ठेकेदारांविरुद्ध बातमी चालवली तेव्हा महिनाभर घराबाहेर कोण उभं असायचं ते वहिनींना माहीत आहे. ओळख ही बातमीदाराला बळही देते आणि बांधूनही ठेवते. त्यातून वाट काढणं हेच या पेशातलं कसब.

मग खासगी वाहिन्यांचा काळ आला. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ईटीव्ही मराठी. ईटीव्हीच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून प्रसारित होत, पण त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बातम्यांना जागा होती आणि तालुक्यांतून माणसं नेमली जात होती. मराठी टीव्ही पत्रकारांची एक अख्खी पिढी त्यातून तयार झाली. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आल्या, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत. दोन वर्षांत चोवीस तास मराठी बातम्या असं चित्र झालं आणि प्रत्येक वाहिनीला प्रत्येक जिल्ह्यात माणूस लागू लागला. मी अशाच एका वाहिनीची जिल्हा प्रतिनिधी झाले. बाई आणि तीही जिल्ह्यावर, म्हणून सुरुवातीला पत्रकार परिषदेत माझ्यासाठी खुर्ची सोडायची की नाही यावर लोक गोंधळायचे.

नव्या मुलांना सांगते, तेव्हा बातमी पाठवणं हेच अर्धं काम होतं. शूट करून मिनी डीव्ही कॅसेट काढायची, कागदात गुंडाळायची, सोबत बातमीचा मजकूर, कोणत्या मिनिटाला कोणता बाईट, म्हणजे कुणाचं बोलणं, आहे त्याची यादी. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात ते पाकीट द्यायचं, नागपूरला फोन करून गाडीचा नंबर सांगायचा. तिथला माणूस स्टॉपवर जाऊन घेणार, मग नागपूरहून फुटेज मुंबईला जाणार. वाटेत गाडी पंक्चर झाली की बातमी शिळी. पुढे सायबर कॅफेत बसून रात्र रात्र फाइल चढवायची, मग डोंगल आलं, मग पाठीवरच्या पिशवीतून थेट प्रक्षेपण करणारं यंत्र आलं, आता खिशातला मोबाइल पुरतो. वेग वाढल्याचा मला आनंद आहे. पण कॅसेट गाडीत दिल्यापासून बातमी लागेपर्यंत जे तास मिळत, त्यात आम्ही दुसरा फोन करायचो, दुसरी बाजू विचारायचो. ते तास गेले आणि त्यांच्या जागी दुसरी काही सोय कुणी केली नाही.

आता यवतमाळचं नाव देशभर ज्या कारणाने गेलं त्याबद्दल बोलते. शेतकरी आत्महत्या. या विषयावर मी इतकं काम केलं आहे की ते सभेत सांगताना अजूनही जड जातं. पहिल्या दिवसाची बातमी कशी होते हे तुम्ही पाहिलेलं आहे. अंगणात मांडव, एका कोपऱ्यात फवारणीचा पंप, ओसरीवर कास्तकाराची बायको, तोंडाजवळ वाहिनीचा बूम माईक. प्रश्न ठरलेला : किती कर्ज होतं? ती आकडा सांगते, रडते, कॅमेरा जवळ जातो. मग बातमीदार शेताच्या धुऱ्यावर उभा राहून कॅमेऱ्याकडे बघत बोलतो, म्हणजे पीटूसी करतो, आणि गाडी पुढच्या गावाला लागते.

या घरात खरी बातमी सुरू होते ती दहाव्या-पंधराव्या दिवसानंतर. शासनाची मदत एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात मिळतात आणि सत्तर हजार ठेव म्हणून ठेवले जातात. त्यासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीसमोर जातं आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. वसुलीचा तगादा होता हे दिसायला हवं. आता सांगा, बँकेने दारात उभं केलं नाही म्हणून जो गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराकडे गेला, त्याच्या बायकोने कोणता कागद आणायचा? सावकार कधी पावती देत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त नाडलेला माणूस मेल्यावर अपात्र ठरतो. ही बातमी पहिल्या दिवशी ओसरीवर मिळत नाही. ती मिळते त्या बाईबरोबर तहसीलच्या व्हरांड्यात बसल्यावर, तलाठ्याकडे तिच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत तिच्यासोबत गेल्यावर. राळेगाव भागातल्या एका बाईने मला म्हटलं होतं, “माय, टीव्हीवाले पहिल्या दिवशी लय आले. आता कागद घेऊन फिरून रायली तर कोणी नाही.” तो बाईट मी पाठवला आणि तो लागला. तो लागावा म्हणून भाऊंनी आणि मी डेस्कवर किती फोन केले असतील!

जुलै २००८ मध्ये लोकसभेतल्या विश्वासदर्शक ठरावाच्या भाषणात याच जिल्ह्यातल्या एका विधवेचं नाव घेतलं गेलं आणि तिच्या गावात देशभरच्या वाहिन्यांच्या गाड्या येऊन थांबल्या. त्या आठवड्यात गावात जनरेटरचा आवाज थांबत नव्हता. गाड्या गेल्या. शेजारच्या गावांत तसंच दुःख होतं, पण तिथे गाडी वळली नाही, कारण ते नाव भाषणात नव्हतं. मला त्या बाहेरून आलेल्या सहकाऱ्यांचा राग नाही, त्यांना परतीची तारीख दिलेली होती. म्हणूनच जिल्ह्यात कायम राहणारा माणूस लागतो.

माळीणचं उदाहरण घ्या. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं मेली. ते गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. रोज त्या गावाला जाणारी गाडी, रोजचा रस्ता, म्हणून त्याला समोर गाव दिसत नाही हे लक्षात आलं. रोज जाणाऱ्याच्याच लक्षात येतं, इतकं ते साधं आहे. पुढे त्या लोकांसाठी नवं गाव वसवलं, एप्रिल २०१७ मध्ये समारंभाने लोकार्पण झालं आणि त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते खचले. लोकार्पणाला कॅमेऱ्यांची रांग होती. रस्ते खचल्यावर तिथे पोचले ते बहुतेक स्थानिक बातमीदार.

मी मुंबईला गेले ते अँकर म्हणून. लोकांना वाटतं ही बढती. पगाराच्या दृष्टीने नक्कीच. कामाच्या दृष्टीने सांगते. समोर प्रॉम्प्टरवर अक्षरं सरकत असतात, कानात टॉकबॅक, त्यातून पीसीआरमधला, म्हणजे नियंत्रण कक्षातला, प्रोड्यूसर सतत बोलत असतो : दहा सेकंद, बाईट येतोय, फोनो तुटला, बोलत राहा, बोलत राहा. तुम्ही प्रेक्षकाशी बोलत असता आणि कानाने दुसरंच ऐकत असता. ही कला आहे, तिला कमी लेखू नका. ब्रेकिंगच्या वेळी समोर काहीही लिहिलेलं नसतं, तेव्हा तुमच्या आत काय साठलं आहे तेवढंच बाहेर येतं. ज्याने कधी तलाठी कार्यालय पाहिलं नाही तो अँकर अशा वेळी विशेषणं वापरतो. ज्याने पाहिलं आहे तो प्रश्न विचारतो. माझ्या मते अँकर व्हायचं असेल त्याने आधी दोन-तीन वर्षं जिल्ह्यात काढलीच पाहिजेत, आणि हे मत मी प्रत्येक बैठकीत मांडत आले.

बोलीबद्दलही थोडं. मुंबईत गेल्यावर मला पहिल्यांदा सांगितलं गेलं ते माझ्या बोलण्याबद्दल. वऱ्हाडी हेल जायला हवा. बातमीपत्रासाठी प्रमाण भाषा हवी हे मला मान्य आहे आणि मी मेहनत घेतली. पण एका गोष्टीला मी विरोध केला. गावाकडच्या माणसाच्या बाईटखाली प्रमाण मराठीत पट्टी टाकायची पद्धत सुरू झाली होती, जणू तो परक्या भाषेत बोलतोय. वाहिन्या आल्या म्हणून मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणारा माणूस पहिल्यांदा सगळ्या महाराष्ट्राने त्याच्याच तोंडून ऐकला. खासगी वाहिन्यांचं हे मोठं देणं आहे आणि ते जपायला हवं.

अँकर बाई असेल तर आणखी एक हिशेब सुरू होतो. केस, साडी की ब्लेझर, वजन, वय. अमेरिकेत कॅन्सस सिटीमधल्या एका स्थानिक वाहिनीने १९८१ मध्ये क्रिस्टीन क्राफ्ट यांना अँकरपदावरून काढून बातमीदार केलं. प्रेक्षकांच्या पाहणीत त्यांचं वय, त्यांचं दिसणं आणि पुरुषांपुढे नमतं न घेणं आवडलं नाही, असं त्यांना सांगितलं गेल्याचं त्यांनी कोर्टात मांडलं. ज्युरीने १९८३ मध्ये त्यांच्या बाजूने पाच लाख डॉलरची भरपाई दिली, फेरसुनावणीतही त्या जिंकल्या, पण अपिलात निकाल फिरला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला. त्या हरल्या असं कायदा म्हणेल. तरी त्यांच्यामुळे हा विषय न्यूजरूममध्ये उघडपणे बोलला जाऊ लागला. आपल्याकडे पन्नाशीचे पुरुष अँकर भारदस्त ठरतात. पन्नाशीच्या किती स्त्रिया रात्री नऊच्या बातम्यांना दिसतात, ते आज घरी जाऊन बघा.

२०१७ सालचं एक प्रकरण मला सविस्तर सांगायचं आहे, कारण त्यात या पेशाचं सगळं बळ आणि सगळी व्यथा एकत्र दिसते. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, बोंडअळीसाठी फवारणीवर फवारणी चालू होती. फवारणी करणारा मजूर डोक्याएवढ्या पिकात शिरतो, तोंडाला रुमाल, हातात मोजे नाहीत, उकाडा, दमट हवा आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. पावसाळा संपत आला तसे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माणसं यायला लागली. डोळ्यांची आग, उलट्या, श्वास लागणं. भाऊ तेव्हा साठी ओलांडलेले, पण सकाळचा फेरा चुकवत नसत. वॉर्डातला एक जण त्यांना म्हणाला, भाऊ, फवारणीचे पेशंट यंदा लय आहेत. भाऊंनी वॉर्डात जाऊन एकेकाला गाव विचारलं. कळंब, घाटंजी, आर्णी, वणी. सगळीकडून.

त्यांनी मला फोन केला. मी तेव्हा ज्या वाहिनीत होते तिथल्या असाइनमेंट डेस्कवर सांगितलं. उलट प्रश्न आला : किती गेले? आकडा लहान होता. बातमी खालच्या पट्टीत गेली. इथल्या स्थानिक वर्तमानपत्रांनी आणि जिल्ह्याच्या बातमीदारांनी ती धरून ठेवली, रोज नवं गाव, नवं नाव. ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यातल्या मृत्यूंची संख्या वीसच्या आसपास गेली, शेकडो जण उपचार घेत होते, तेव्हा देशभरचे कॅमेरे आले, सरकारने विशेष चौकशी पथक नेमलं. ‘किती मेले’ असं आपण विचारत बसलो त्या दिवसांत फवारणी चालूच होती. पहिल्याच आठवड्यात तोंडावर मास्क लावा, औषधं एकत्र करू नका, एवढं जरी प्रत्येक बातमीपत्रात सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी प्रत्येक संपादकीय बैठकीत विचारला आहे आणि इथेही विचारते.

खेड्यातली बातमी घ्यायला आधी मोठा आकडा लागतो, हा हट्ट येतो कुठून? टीआरपी मोजणारी यंत्रं वर्षानुवर्षं शहरांतच होती. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कने ग्रामीण घरांतली आकडेवारी द्यायला सुरुवात केली ती २०१५ च्या ऑक्टोबरपासून. त्याआधी खेड्यातला प्रेक्षक मोजलाच जात नसे, म्हणजे जाहिरातदाराच्या लेखी तो नव्हताच. जो मोजला जात नाही त्याच्या गावी ओबी व्हॅन कोण पाठवणार? आणि जिथे गर्दी आहे तिथे काय होतं ते मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात दिसलं. ताज हॉटेलच्या बाहेरून चाललेल्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कडक शब्दांत ताशेरे ओढले. २०१५ मध्ये नियम बदलला, दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट दाखवायला बंदी आली, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच द्यायची. नियम योग्य आहे. तो बाहेरून आणावा लागला याचं मला दुःख आहे.

आता मुलांनो, पोटापाण्याचं बोलू. जिल्ह्यातला बहुतेक टीव्ही बातमीदार स्ट्रिंगर असतो. लागलेल्या बातमीमागे पैसे. पेट्रोल स्वतःचं, मोबाइल स्वतःचा, बऱ्याच जणांचा कॅमेराही स्वतःचा. हातात बूम असतो, नेमणूकपत्र नसतं. काही ठिकाणी तर दिवाळीला आणि नेत्याच्या वाढदिवसाला जाहिरात आणायची जबाबदारीही त्याच्यावर टाकतात. ज्याच्याकडून जाहिरात मागायची त्याच्याविरुद्ध त्याने बातमी करायची कशी? यात दोष त्या पोराचा नाही. पत्रकारांसाठी बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने राज्य सरकारची सन्मान योजना आहे. भाऊंच्या वेळी त्यासाठी वयाची साठी आणि पत्रकारितेतली तीस वर्षं लागत. भाऊंनी त्याहून जास्त वर्षं काम केलं. ते दाखवायला त्यांच्याकडे कॅसेटी होत्या, कागद नव्हता.

२ सप्टेंबर २०२० रोजी टीव्ही ९ मराठीचे पुण्यातले प्रतिनिधी पांडुरंग रायकर कोविडने गेले. बेचाळिशीतला माणूस. वेळेवर सोयीची रुग्णवाहिका मिळाली नाही अशी तक्रार झाली, चौकशीचे आदेश निघाले. त्याच साथीत मुंबईत एप्रिलमध्ये पत्रकारांची चाचणी केली तेव्हा पन्नासहून अधिक जण बाधित निघाले, त्यात टीव्हीचे बातमीदार आणि कॅमेरामन बरेच. घरून काम करा हा सल्ला त्यांना लागू नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे यांच्या अंगावर गाडी घातली गेली आणि ते गेले. ते वर्तमानपत्राचे बातमीदार होते, पण जिल्ह्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला त्या रात्री झोप लागली नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला, असा कायदा करणारं आपण पहिलं राज्य. कायदा आहे, पण वापरायचा तर तक्रार नोंदवून घेणारा अधिकारी हवा आणि तू आमचा माणूस आहेस असं लेखी म्हणणारी वाहिनी हवी. नेमणूकपत्र मागा. पहिल्याच दिवशी मागा. लाजू नका.

तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर स्वतःचं चॅनल चालवताय, मी बघते ते. भाऊंच्या केबलसारखंच आहे ते, फक्त सायकल लागत नाही. काहींचं काम फार चांगलं आहे. उमरखेडकडच्या एका मुलीने पूर ओसरल्यावर पंचनाम्यांचा पाठपुरावा केला, एका घराचा पंचनामा होईपर्यंत ती त्या घरी जात राहिली. तिच्या व्हिडिओला प्रेक्षक थोडे होते, पण ते त्याच गावचे होते. मला तिचं काम कोणत्याही प्राइम टाइम चर्चेपेक्षा मोलाचं वाटतं.

शेवटी एक विनंती. भाऊंच्या कॅसेटी वहिनींनी एका लाकडी कपाटात जपून ठेवल्या आहेत. नगरपालिकेच्या सभा, निळोण्याचं आटलेलं तळ, कापूस केंद्रावरच्या रांगा, या शहराचा सात-आठ वर्षांचा रोजचा इतिहास त्यात आहे. व्हीएचएस टेपला बुरशी धरते, कडा चिकटतात, आणि अशी टेप नुसती यंत्रात घातली तर तुटते. आधी साफ करून, मग चालवून, मग संगणकावर उतरवावी लागते. वहिनींनी सगळ्या कॅसेटी वाचनालयाला द्यायचं कबूल केलं आहे, वाचनालयाने वरची एक खोली दिली आहे आणि यंत्रं जोडायचा खर्च मी उचलते. आपल्याला हवे आहेत चालू स्थितीतले व्हीसीआर, ते दुरुस्त करता येणारा एखादा जुना मेकॅनिक आणि पडद्यावरची माणसं ओळखून त्यांची नावं सांगू शकतील अशी पन्नाशीपुढची यवतमाळकर मंडळी. ज्यांना जमेल त्यांनी जाताना बाहेरच्या टेबलावरच्या वहीत नाव आणि कोणत्या दिवशी येता येईल ते लिहावं. रविवारपासून सुरुवात करू.